माडीवरची फरशी आणि खालचे कान
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनी पाककृती किंवा आरोग्य यांवर बोलण्याची आपली रीत आहे. मी आज फरशीवर बोलणार आहे. विषय पुरुषांचा वाटेल. परंतु फरशी पसंत करणारे दिवसभर बाहेर असतात आणि तिचा आवाज ऐकत घरात बसतो आपण. तेव्हा तो आपलाच समजावा.

आपल्या तेल्हाऱ्यात जुन्या माड्या नव्या करण्याचे काम जागोजागी निघते. भावाभावांच्या वाटण्या होतात, एकाकडे खालचा मजला, दुसऱ्याकडे माडी. माडीवर वेगळे स्वयंपाकघर येते, चकचकीत टाइल्स बसतात, आणि महिन्याभरात खालून हाक येते, "काहून वं बाई, वरते बैल बांधले काय?" माझ्या माहितीतल्या एका घरी दोघी जावांचे बोलणे यावरूनच बंद झाले. धाकटी म्हणे, मी काय हवेत चालू? थोरली म्हणे, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचा डोळा लागत नाही. दोघींचेही खरे होते. दोष फरशीखाली होता.

त्या घराची जमीन कडीपाटाची. सागाच्या कड्या, त्यांवर पाट, पाटांवर वीतभर माती, आणि वरून शेणाने सारवण. धाब्याच्या घरांतही हीच युक्ती. ही माती नुसती उन्हासाठी घालत, असे आपण समजतो. वैशाखात अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तो उपयोग आहेच. पण तीच माती आवाजही गिळते. सहा इंच मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे 240 किलो भरते, म्हणजे चार इंची सिमेंटच्या स्लॅबइतके. शिवाय ती भुसभुशीत. टाच आपटली की कणाला कण घासतो आणि धक्का तिथेच जिरतो. तिकडे स्कॉटलंडातही जुन्या बहुमजली घरांत तुळयांच्या मधल्या पोकळीत राख भरून ठेवीत, आणि त्या कामाला त्यांच्या बोलीत 'बहिरे करणे' याच अर्थाचा शब्द होता! आपल्या मिस्त्रीने मात्र ती माती 'कचरा' म्हणून गाडीभर नेऊन टाकली आणि पाटांवर फळ्या ठोकून टाइल्स बसवल्या. जमिनीचा नगारा झाला.

आता आवाज दोन जातींचे असतात, हे आधी लक्षात घ्यावे; कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. बोलणे, रेडिओ, मुलाचे रडणे हा हवेतून येणारा आवाज. तो वजनाने आणि फटी बुजवून अडतो. मात्र जमिनीचे वजन दुप्पट केले तरी तो 5 ते 6 डेसिबलच उतरतो, आणि जिन्याच्या तोंडाशी बोटभर फट राहिली तर तेवढाही नाही. दुसरा आवाज ठोक्याचा: टाच, पाटा-वरवंटा, ओढलेली खुर्ची, पडलेले भांडे. हा स्लॅबच्या अंगातून जातो. चांगला जाड स्लॅबही कडक असल्यामुळे तो खाली पोचवतोच. त्याला वरच्या बाजूला काही मऊ लागते.

तुमच्या घरी कोणता आवाज आहे हे पाहण्यास पैसा लागत नाही. एकीने वर टाचा टेकत चालावे, चमचा टाकावा, मग नेहमीच्या आवाजात बोलावे. दुसरीने खाली ऐकावे. मग चार घड्यांची गोधडी पसरून पुन्हा तेच करावे. गोधडीने ठोके विझले तर मऊ थराने काम होईल. बोलणे शब्दन् शब्द कळत असेल तर आधी फटी शोधा.

स्लॅबवर नवी फरशी घालावयाची असेल तर उत्तम रीत अशी. स्लॅब झाडून खडा न् खडा काढावा. त्यावर 5 ते 10 मिलिमीटरची दाट फोमची चादर अंथरून तिचे सांधे चिकटपट्टीने बुजवावे, आणि चारी भिंतींशी ती उभी वळवून घ्यावी. वर प्लॅस्टिक, त्यावर जाळी घालून दोन इंच कोबा आणि मग टाइल. ही जमीन तरंगती राहिली पाहिजे, खाली स्लॅबला नाही आणि बाजूला भिंतीला नाही. सारी गोम इथेच आहे. चादर एका ठिकाणी फाटून सिमेंटचा गोळा खाली उतरला, किंवा भिंतीच्या पायपट्टीचा माल टाइलला चिकटला, की ठोक्याला पूल मिळतो आणि चादरीचा खर्च पाण्यात जातो. पायपट्टीखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉनने भरावी. नळाच्या पाइपांनाही फोम गुंडाळावा.

एवढी उंची परवडत नसेल, दारे अडत असतील, तर 3 ते 6 मिलिमीटर बुचाची किंवा रबराची चादर चिकटवून तिच्यावर टाइल बसवतात. गुण कमी, पण येतो. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांच्या नादी लागू नये. बोलणे अडवण्याइतके वजन त्यांत नाही.

कडीपाटाच्या माडीवर मात्र घाई करू नका. कोबा आणि टाइल मिळून चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास भार होतो. कड्यांना वाळवी लागली असेल तर आवाज राहील बाजूला, माडीच खाली येईल. इंजिनीअरला दाखवून मगच ठरवावे. कड्या धड असतील तर माती कोरडी करून, चाळून पुन्हा घालता येते. ती फुकट आहे म्हणून तिला कमी लेखू नये.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. जावेच्या टाचांवर त्या नियमाने दाद मागता येईल असे मला वाटत नाही! इमारतींतला आवाज अडवण्याचे भारतीय मानक 1962 सालीच निघाले होते, पण आपल्या मिस्त्रींपर्यंत ते आलेले दिसत नाही. म्हणून सांगावे लागते ते आपल्यालाच.

त्या दोघी जावांचे पुढे काय झाले? टाइल्स फोडण्यास पैसे नव्हते. खालून खोटे छत लावावे असे कोणी सुचवले. पण भिंतींतून उतरणारा ठोका छताने थांबत नाही, आणि ते कड्यांनाच घट्ट ठोकले तर फारसा उपयोग नाही. त्यांनी चालण्याच्या वाटेवर जाड सतरंज्या घातल्या, खुर्च्यांना रबरी टोप्या बसवल्या, मिक्सरखाली रबराचा तुकडा ठेवला. पाटा खाली आला, आणि वाटण आता थोरलीच्या ओसरीवर होते. सासूबाईंची खाट स्वयंपाकघराखालून हलवून मागच्या खोलीत नेली. आवाज गेला नाही, पण झोप लागू लागली.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी कोबा पडण्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे. चादर भिंतीशी वळली आहे का, कुठे फाटली आहे का, हे कोबा ओतल्यावर दिसत नाही. पायपट्टी बसण्यापूर्वी एकीने वर रुपया टाकावा, दुसरीने खाली ऐकावे, आणि मगच मिस्त्रीभाऊंचा शेवटचा हप्ता द्यावा.