सोळा पात्यांची दाढी

जिलेटचा एका पात्याचा वस्तरा १९०३ साली विक्रीस आला. दुसरे पाते जोडायला १९७१ साल उजाडले, तिसऱ्याला १९९८. आणि २००६ साली एकदम पाच! चार वर्षांस एक पाते, ही चाल धरली तर २०५० साली सोळा होतील. तीन फणांच्या तिफणीला बैल लागतात. हे सोळा पात्यांचे औत हनुवटीवरून ओढायला धुळ्याच्या बाजारातून जोडीच आणावी लागेल! दाढी मात्र आजोबांच्या वेळचीच.

आता दुसरी चाल पाहा. जळगावच्या जैन इरिगेशनने केळीच्या मुळाशी ठिबकची नळी नेली. तिथे पाणी कमी लागू लागले. खानदेशच्या उन्हाळ्यात सुधारणा म्हणायची ती हीच. नवे यंत्र घरी आणताना विचारा : याने गरज भागते, की नुसती पाती वाढतात?