प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून काहींनी आज संध्याकाळी फिरावयास जाणे पसंत केले असेल, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण जे आले आहेत त्या प्रत्येकाने ह्या विषयाचे दर्शन कधी ना कधी घेतलेले आहे. संगणकावर एखादा पत्ता टाकावा, आणि अपेक्षित पानाऐवजी लाल खूण दिसावी. शेजारी 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशा अर्थाचे वाक्य, आणि खाली बारीक अक्षरांत एक इंग्रजी कूटवचन. कोपऱ्यात 'प्रगत' नावाचे बटण असते. ते दाबले की 'पुढे जा' अशी एक ओळ उघडते. ती ओळ आपण दाबतो आणि कामाला लागतो.

ही ओळ दाबावयास मी स्वतः अनेकांना शिकविले आहे. म्हणून आजच्या भाषणाचा आरंभ कबुलीजबाबाने करतो.

एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचा सर्व्हर मागच्या खोलीत बसविला होता. त्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेले. इंग्रजीत ज्याला 'सेल्फ-साइन्ड' म्हणतात तसले. पहिल्याच सकाळी काउंटरवर लाल पान आले. बाहेर रांग लागलेली. मी तिथल्या बाईंना म्हटले, "ताई, हे काही नाही. 'प्रगत' दाबायचं, मग 'पुढे जा' दाबायचं." दोन वर्षे हा परिपाठ नित्यनेमाने चालला. मग एके दिवशी ताईंचा फोन आला, "सर, बँकेची साइट उघडतेय, पण आज ते 'पुढे जा' दिसतच नाही हो. कुठून दाबू?"

काही संकेतस्थळे ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात, की माझ्या बाबतीत शंका आली तर कोणालाही सवलत देऊ नकोस. बँकेने तसे बजावले होते म्हणून ती ओळ दिसत नव्हती. दोष अगदी किरकोळ निघाला. संगणकातील घड्याळाचा सेल संपला होता आणि तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. त्या तारखेला बँकेचे प्रमाणपत्र जन्मलेलेच नव्हते. 'तुमचे घड्याळ मागे आहे' असे त्या पानावर स्पष्ट लिहिलेही होते. ताईंनी ते वाचले नव्हते. त्यांनी का वाचावे? लाल पान वाचावयाचे नसते, दाबावयाचे असते, हे मीच त्यांना शिकविले होते.

आता प्रमाणपत्र म्हणजे काय, ते पाहू. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोघांनी एक विलक्षण कल्पना मांडली: एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे उघड्या तारेवरून बोलूनसुद्धा आपसांत गुपित ठरवू शकतात. प्रत्येकाने आपली एक किल्ली चारचौघांत जाहीर करावयाची आणि दुसरी जपून ठेवावयाची. कल्पना उत्तम, पण तिच्यात एक पाचर राहिली. जाहीर झालेली किल्ली खरोखर त्याच माणसाची कशावरून? १९७८ साली अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात ह्यावर तोड सुचविली: ज्याला सर्वजण मानतात अशा तिसऱ्याने 'ही किल्ली अमक्याची' असे लिहून खाली सही करावी. हेच प्रमाणपत्र.

आपल्या पेढ्यांना हे नवीन नव्हते. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या सावकाराच्या हातूनच ती वटे. सराफाला हुंडी खरी असून पुरत नसे. ती आणणारा कोण, कोणाच्या ओळखीचा, हे त्याला आधी हवे असे.

म्हणजे ब्राउझर दोन निरनिराळ्या गोष्टी पाहत असतो. संभाषण कुलूपबंद आहे काय, ही एक. आणि कुलपाच्या पलीकडे उभा असलेला माणूस कोण, ही दुसरी. स्वतः सही केलेल्या प्रमाणपत्राने पहिली गोष्ट साधते. वाटेत नुसता कान लावून बसलेल्याला काही ऐकू जात नाही. अडते ते दुसऱ्या गोष्टीशी. वाटेतला लबाड जर कान लावण्याऐवजी दाराशीच येऊन उभा राहिला आणि त्यानेही 'मीच तो सर्व्हर' असे स्वतःच्या सहीने लिहून आणले, तर खरा आणि खोटा ह्यांत फरक करावयास ब्राउझरपाशी काहीच नसते. अंधारात कुजबुजून बोलण्यात अर्थ आहे; पण कोणाच्या कानात कुजबुजतो आहोत, हे ठाऊक हवे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. ज्या मोठ्या संस्थांच्या सहीवर हा डोलारा उभा आहे, त्यांची मूळ प्रमाणपत्रेही स्वतःच सही केलेली असतात. त्यांच्यावर दुसरा कोण सही करणार? मग ती कशी चालतात? तर ब्राउझर किंवा संगणकाची कार्यप्रणाली आपल्या घरी येते, तीच ही यादी पोटात घेऊन येते. तेव्हा स्वतःची सही हे पाप नव्हे. ती कोणत्या वाटेने तुमच्यापर्यंत आली, एवढाच प्रश्न आहे. सरकारी कचेरीत आपण हल्ली स्वयंसाक्षांकित प्रती देतो. राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारी खेपा घालण्याचा त्रास पुष्कळ वाचला. पण पडताळणीच्या वेळी मूळ कागद दाखवावा लागतोच. प्रत चालते, कारण मूळ कागद पाहण्याची दुसरी एक वाट मोकळी आहे.

मोठ्यांची सही म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही कोणी समजू नये. २०११ साली हॉलंडमधील डिजिनोटार ह्या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीत चोर शिरला आणि त्याने तिच्या सहीची खोटी प्रमाणपत्रे काढून घेतली. त्यांत एक गूगलच्या नावाचे होते, आणि ते इराणमधील लोकांचा टपालव्यवहार मधल्यामध्ये उघडून पाहण्यासाठी वापरले गेले. सही खरी, यादीतली. बहुतेक ब्राउझरांनी मान डोलावली. पण क्रोमला गूगलच्या संस्थळांपुरती कोणाची सही चालते हे वेगळे सांगून ठेवलेले होते. त्या ऑगस्टमध्ये इराणमधील एका वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला. तो माणूस इशारा झटकून मोकळा झाला नाही. 'हे काय आहे?' असे त्याने उघडपणे विचारले. त्यातून सगळे प्रकरण बाहेर आले आणि महिन्याभरात त्या कंपनीचे दिवाळे निघाले. २०१४ साली आपल्याकडेही एन. आय. सी.च्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. भारत सरकारचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, फायरफॉक्सच्या यादीत नव्हते. म्हणून त्यांची बाधा विंडोजवर काहींना होऊ शकत होती, फायरफॉक्स वापरणाऱ्यांना नव्हती.

आता व्यवहाराचे बोलू. त्यासाठीच बरेचजण आला असाल. पान लाल झाले की आधी भिंतीवरचे कॅलेंडर आणि संगणकाची तारीख ताडून पाहावी. हसू नका, ह्या एका उपायाने मी कित्येक घरी चहा मिळविला आहे. तारीख बरोबर असेल तर कूटवचन वाचावे. त्यात 'डेट' असेल तर मुदतीचे भांडण. 'कॉमन नेम' असेल तर नावाचे: प्रमाणपत्र एका नावाचे आणि आपण दुसऱ्याच नावाने, किंवा नुसत्या आकडी पत्त्याने, दार ठोठावलेले. जुन्या पाठावरून प्रमाणपत्र करणारे येथे हमखास ठेचकाळतात, कारण २०१७ पासून क्रोम 'कॉमन नेम' ह्या रकान्यातील नाव धरीतच नाही. 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' ह्या रकान्यात नाव, आणि आकडी पत्ता वापरावयाचा असेल तर तोही, लिहिलेला असावा लागतो.

'ऑथॉरिटी' किंवा 'इश्युअर' हे शब्द दिसले तर मात्र ओळखीचा प्रश्न. कधी कधी प्रमाणपत्र चांगल्या संस्थेचे असते, पण सर्व्हर मधल्या दुव्याचे प्रमाणपत्र पाठवावयास विसरतो आणि साखळी तुटते. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याचे, पाहणाऱ्याचे नव्हे. संस्थळ जगासाठी असेल तर स्वतःची सही चालविण्यास आता निमित्त उरलेले नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रे देते.

राहिला घरातला, कचेरीतला सर्व्हर. त्याचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकाच्या विश्वासाच्या यादीत एकदाच, नीट पाहून घालावे. फायरफॉक्सची यादी स्वतःची वेगळी असते. एका ब्राउझरात चालते आणि दुसऱ्यात चालत नाही असे झाले, तर प्रथम तेथे पाहावे. नीट पाहणे म्हणजे काय? प्रत्येक प्रमाणपत्राला अंगठ्याच्या ठशासारखा एक ठसा असतो, चौसष्ट अक्षर-अंकांचा. तो सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर वाचून घ्यावा, किंवा ज्याचा आवाज आपण ओळखतो अशा माणसाकडून फोनवर वाचून घ्यावा, आणि ब्राउझर दाखवितो त्याच्याशी ताडावा. ज्या वाटेविषयी शंका आहे त्याच वाटेने आलेला ठसा मानू नये. काही कचेऱ्या आपले घरगुती मूळ प्रमाणपत्र करून सर्वत्र घालतात. सोय मोठी आहे. पण त्याची गुप्त किल्ली ज्याच्या हाती जाईल तो त्या सगळ्या संगणकांपुरता बँकही होऊ शकतो आणि सरकारही. ती सर्व्हरवरच, सर्वांच्या हाताशी पडलेली मी पाहिली आहे.

फोननंतर मी त्या पतसंस्थेत गेलो, मागच्या खोलीत बसून ठसा कागदावर उतरविला आणि प्रत्येक संगणकाशी तो ताडून प्रमाणपत्र यादीत घातले. दुपारपर्यंत लाल पान बंद झाले. ठशाचा कागद ताईंनी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला. सहा-एक महिन्यांनी लाल पान पुन्हा उमटले. ताईंनी कागद काढून पहिली आठ अक्षरे ताडली, ती जुळेनात. त्यांनी काहीही दाबले नाही. रांगेला थांबविले आणि फोन उचलला. सर्व्हर पुरविणाऱ्याच्या माणसाने आदल्या रात्री दुरुस्तीसाठी येऊन सगळे नव्याने बसविले होते आणि कोणाला कळविले नव्हते. त्याला दुपारी परत बोलाविण्यात आले आणि नवा ठसा त्याच्याकडून, त्याच्या सहीनिशी, कागदावर लिहून घेण्यात आला. सही करण्यापूर्वी ताईंनी त्याचे ओळखपत्र मागितले.