पंचनाम्यात न बसलेली माणसं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विघ्नहर्त्यासमोर उभं राहून आज आम्हाला एका जुन्या विघ्नाची आठवण करून द्यायची आहे. २०१९ चा ऑगस्ट बेळगावात कुणीच विसरलेलं नाही. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा पात्र सोडून वाहू लागल्या. बळ्ळारी नाला शेतांत पसरला. वडगाव-खासबाग भागात विणकरांच्या मागांत पाणी शिरलं.

त्या वेळी बंगळूरला मुख्यमंत्री होते, पण मंत्रिमंडळ नव्हतं. मुख्यमंत्र्यांची शपथ २६ जुलैला झाली, बाकीचे मंत्री आले २० ऑगस्टला. पूर काही शपथविधीसाठी थांबला नाही. केंद्राचे १,२०० कोटी जाहीर झाले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. बाप्पा येऊन गेले होते. पलीकडे महाराष्ट्रातही घर दोन दिवस पाण्यात असेल तरच मोफत धान्य, असा आदेश निघाला आणि लोक संतापले. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना अनुभव सारखाच.

मदत आलीच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुटुंबामागे तातडीचे १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले. प्रश्न आहे तो या मदतीच्या बाहेर राहिलेल्यांचा.

केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी मिळून ३,८०० रुपये होते. तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिलं तर. हातमाग कारागिराला अवजारांसाठी ४,१०० रुपये होते. आता आपल्या विणकराकडे बघा. त्याचा माग यंत्रमाग, म्हणजे 'हातमाग' या शब्दात तो बसत नाही. पाणी एका रात्रीत ओसरलं, म्हणजे दोन दिवसांच्या अटीत बसत नाही. पण मोटर जळायला आणि सूत कुजायला एक रात्र पुरते.

वडगावातल्या एका विधवा बाईंच्या घरी आम्ही गेलो होतो. दोन माग त्यांचे, घर भाड्याचं. पाहणीला आलेल्यांनी भिंत पाहिली. भिंत उभी होती. घरमालकाचं नाव लिहून घेतलं आणि ते पुढं गेले. बाई आम्हाला म्हणाल्या, "भिंतीचं विचारलं हो सगळ्यांनी, मागाचं कुणी विचारलंच नाही."

खंडानं शेती करणाऱ्यांचीही तीच कथा. पीक त्यांचं, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. त्यात अर्ज कन्नडमध्ये. ज्यांचं सारं शिक्षण मराठीत झालं, ती वयस्कर माणसं कागद हातात धरून दारोदार फिरत होती.

आणि आपण काय केलं? आपण धावलो, हे खरं. आठ दिवसांत चादरी, तांदूळ, जुने कपडे गोळा केले, वाटले, फोटो काढले. मग आरास बेताची करून वाचलेले पैसे पूरग्रस्तांना दिले आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानलं. त्या बाईंचा अर्ज लिहून द्यायला मात्र आमच्यापैकी कुणी पुन्हा गेलं नाही. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, वकील आहेत, कन्नड उत्तम लिहिणारी आपलीच मुलं आहेत. सरकारी दिरंगाईबद्दल बोलताना ही आपली दिरंगाईही सांगायला हवी. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हाही आपण चादरीच शोधत होतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. विसर्जनानंतर मंडळाचं कार्यालय कुलूप लावून बंद करू नये. दर रविवारी सकाळी दोन तास ते उघडं ठेवू. आधार, बँक पासबुक, भाडेकरार, खंडाचा करार, मागाच्या वीजबिलाची प्रत, मागाचे आणि घराचे फोटो हे सारं पाऊस येण्याआधीच प्रत्येक घराच्या नावानं एका फाइलीत लावून देऊ. अर्ज दोन्ही भाषांत समजावून सांगू. आणि पाहणीच्या दिवशी आपल्यातला एक जण त्या घरासमोर उभा राहील.

एवढ्यानं निकष बदलणार नाहीत; त्यासाठी निवेदनं द्यावी लागतील, तीही देऊ. पण पुढच्या वेळी मागाचं विचारणारं कुणीतरी असेल. पहिल्या रविवारी येणाऱ्यांनी आरतीनंतर आपली नावं कार्यवाहांकडे द्यावीत. आमची नावं आम्ही आधीच दिली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!