रात्रीच्या वर्गाची शिस्त

लहान मुलाला शिकविणारा शिक्षक आणि प्रौढ माणसाला शिकविणारा शिक्षक यांच्यांत एक मोठा भेद आहे. तो ज्ञानाचा नाहीं, सत्तेचा आहे. मुलाला त्याचे आईबाप शाळेंत पाठवितात. तें कंटाळलें तरी घंटा होईपर्यंत त्याला बांकावरून हलतां येत नाहीं. प्रौढ विद्यार्थी आपल्या पायांनीं येतो आणि त्याच पायांनीं निघून जातो. जातांना तो भांडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. फक्त दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. "घरीं पाहुणे आले होते" एवढें कोणाकडून तरी कळतें, आणि तें खरें मानून शिक्षक स्वस्थ बसतो. म्हणून, श्रोतेहो, प्रौढांच्या वर्गांत शिस्त कशी राखावी आणि त्यांना शिकण्याची गोडी कशी लावावी, हे दोन निरनिराळे प्रश्न मी मानीतच नाहीं. ज्या वागणुकीनें माणूस वर्गांत टिकतो, तीच त्या वर्गाची शिस्त.

आपल्याकडे हा विषय नवा नाहीं. १८५५ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें मुंबईंत स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा चालविल्या. १९५९ मध्यें सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व ती पुढें महाराष्ट्रभर गेली. अलीकडचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठीं २०२२ ते २०२७ या मुदतीकरितां आंखलेला आहे, आणि त्याचा भार मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे. म्हणजे तुम्हांआम्हांसारख्या, अध्यापनाचें शिक्षण न घेतलेल्या, पण हौसेनें पुढें आलेल्या लोकांवर. माझें बोलणें विशेषतः त्यांच्यासाठीं आहे.

पहिल्या संध्याकाळीं नवा शिक्षक बहुधा नियमांची यादी वाचून दाखवितो. ती यादी त्याच्या स्वतःच्या बाळपणच्या शाळेंतून आलेली असते. त्याऐवजीं एकच प्रश्न विचारून पाहावा : "काय झालें तर तुम्ही पुन्हां येणार नाहीं?" उत्तर लगेच मिळत नाहीं. मग कोणी तरी म्हणतो, चुकल्यावर कोणी हंसलें तर. एखादी बाई म्हणते, फळ्यापाशीं एकटीला उभें केलें तर. मागचा दूधवाला सांगतो, नऊच्या ठोक्याला सोडलें नाहीं तर. मला पहांटे उठावें लागतें. हीं उत्तरें फळ्यावर लिहावीं. समोरच्यांना वाचतां येत नसलें तरी लिहावीं. आपण बोललों तें लिहिलें जातें, हें पाहणें हाच कित्येकांचा पहिला धडा असतो. शिक्षकानेंहि आपली एकदोन अडचणी त्यांत घालाव्या : दोघे एकदम बोलूं लागले कीं मला एकाचेंहि ऐकूं येत नाहीं, वगैरे. याप्रमाणें जें ठरतें तो हुकूम नसतो, करार असतो; आणि करार म्हटला कीं तो दोन्ही पक्षांना लागू.

अनुभव असा कीं, नियम करण्याचें काम प्रौढांवर सोंपविलें तर ते शिक्षकाहून कडक नियम करतात. उशिरा येणाऱ्याला दहा रुपये दंड, ही सूचना तर हटकून येते. ती मात्र मानूं नये. ज्याला परवडतें तो दंड भरून उशिराचा हक्कच विकत घेतो, आणि ज्याच्या खिशांत दहा रुपये नाहींत तो दारापर्यंत येऊन परत फिरतो.

वेळेच्या बाबतींत शिक्षकानें स्वतःशीं कठोर असावें. साडेसातचा वर्ग साडेसातलाच सुरू व्हावा, मग समोर एकच मनुष्य कां असेना. नाहींतर वेळेवर येणाऱ्याला तिष्ठत ठेवून उशिरा येणाऱ्याची वाट पाहण्याचा उलटा न्याय होतो. मात्र पहिला पाव तास मागच्या वाचनाच्या सरावाला द्यावा. म्हणजे चार घरचीं भांडीं उरकून धांवत येणाऱ्या बाईचें फारसें बुडत नाहीं. तिनें परवानगी न मागतां आंत येऊन बसावें व शेजारणीनें तिला पान दाखवावें. "आज पुन्हां उशीर?" हें वाक्य शिक्षकानें उच्चारूं नये, तिच्या वेळेवर तिची सत्ता नाहीं. वर्ग सोडण्याची वेळ तर याहूनहि कसोशीनें पाळावी. आपल्याला शिकविण्याचा रंग चढलेला असतो, आणि तिकडे तिच्या घरीं पोळ्या व्हायच्या असतात.

मोबाइलसंबंधीं पुष्कळ ठिकाणीं सरसकट बंदी घालतात. घरीं तान्हें मूल ठेवून आलेल्या आईला ती जाचक होते. आवाज बंद ठेवावा, अडलेंच तर बाहेर जाऊन बोलावें, एवढें पुरे. मात्र हा नियम शिक्षकालाहि लागू आहे, आणि सर्वांत जास्त तोच मोडतो, असें मीं पाहिलें आहे. तंबाखूचें म्हणाल तर मध्यंतर पांच मिनिटांचें ठेवावें व हौशी मंडळींना अंगणांत पाठवावें; त्यावर प्रवचन करूं नये.

आतां बोलण्याविषयीं. प्रौढांना अहोजाहो करावें, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते. वीस वर्षांचा स्वयंसेवक पन्नाशीच्या माणसाला, तो रखवालदार आहे म्हणून, "अरे" म्हणतो, आणि त्यांत आपलें कांहीं चुकलें असें त्याला वाटतहि नाहीं. याहून सूक्ष्म असा अपमान "हें अगदीं सोपें आहे" या शब्दांनीं होतो. शिक्षक तें धीर देण्यासाठीं म्हणतो. पण ऐकणारा मनांत काय समजतो? जमलें तर त्यांत विशेष कांहीं नाहीं, आणि न जमलें तर आपण मूर्ख. "हें जोडाक्षर अवघड आहे, दोनदां करूं" असें म्हणावें. ‘लक्ष्मी’ हें नांव असणाऱ्या बाईला स्वतःची सही करतांना ‘यमुने’पेक्षां खरोखरीच अधिक कष्ट पडतात, आणि तें तिला मोकळेपणानें सांगितलें कीं ती हंसते व पुन्हां पेन्सिल उचलते.

कांहीं नाजूक प्रसंग केवळ आपल्याच समाजांतले आहेत. सासूसुना एकाच वर्गांत आल्या तर त्यांना शेजारीं बसवूं नये. सून बहुधा लवकर शिकते, आणि तें सासूच्या लक्षांत येऊं नये म्हणून मुद्दाम चुकूं लागते. वयस्क बायकांपैकीं कित्येकींना नवऱ्याचें नांव मोठ्यानें घ्यायला संकोच वाटतो. अर्जावर तर तें लागतेंच. अशा एका बाईंना मीं वाचून दाखवा म्हटलें तेव्हां त्या गप्प बसल्या, पण लिहा म्हटल्यावर एका दमांत लिहून मोकळ्या झाल्या. उखाण्याची गरज पडली नाहीं.

शिस्त मोडण्याचें मूळ पुष्कळदां धड्यांत असतें. कुजबूज वाढली कीं आपण लोकांवर चिडतों. खरें पाहतां त्या वेळीं फळ्यावर ‘बदक’ आणि ‘कमळ’ असतें. ब्राझील देशांत पाउलो फ्रेइरी या शिक्षकानें १९६३ मध्यें आंजिकोस या गांवीं सुमारे ३०० कामकऱ्यांना थोडक्या अवधींत वाचायला शिकविलें, तें त्यांच्याच आयुष्यांतले शब्द निवडून. वीट हा त्यांच्या भाषेंतला शब्द फोडायचा, त्याच्या तुकड्यांतून दुसरे शब्द जुळवायचे, आणि शब्दाबरोबर विटांच्या कामाविषयीं बोलायचेंहि. १९६४ मध्यें लष्करानें सत्ता घेतल्यावर त्यांना तुरुंगवास झाला व पुढें देश सोडावा लागला. मराठीला ही पद्धत छान मानवते. ‘पगार’ हा शब्द घ्या. त्याच अक्षरांतून काना हलवून ‘गार’, ‘पार’, ‘पारा’ आणि ‘राग’ निघतात. पगारांतून राग निघाला कीं वर्गांत जी चर्चा होते ती अर्थातच कुजबूज नसते. ‘रजा’ या शब्दांतून ‘राजा’ व ‘जरा’ मिळतात.

पण काय उपयोगी तें आपणच ठरवूं नये. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतल्या फांगणे गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं योगेंद्र बांगर या शिक्षकांनीं आजीबाईंची शाळा सुरू केली. तेथें येणाऱ्या आजींना नोकरी करायची नव्हती. पोथी आपल्याला वाचतां येत नाहीं ही त्यांची खंत होती. त्या गुलाबी नऊवारी गणवेशांत, पाटी-दप्तर घेऊन शाळेला जाऊं लागल्या. प्रौढांना मुलांसारखें वागवूं नये असें म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला गणवेश प्रथम खटकेल. परंतु लहानपणीं जें दप्तर भावाला मिळालें व आपल्याला मिळालें नाहीं, तें सत्तराव्या वर्षीं खांद्याला लावण्यांत पोरकटपणा कोणता? तो मान आहे, आणि तो त्यांचा त्यांनींच ओळखला.

दोन दिवस कोणी आलें नाहीं तर चौकशी अवश्य करावी; पण "कां आलां नाहीं?" असें न विचारतां, "घरीं सारें बरें आहे ना?" असें विचारावें, आणि तेंहि वर्गाबाहेर. परतलेल्या माणसाचें जागेवर बसतांच कोणी मोठें स्वागतहि करूं नये. त्याला आपली जुनी जागा रिकामी दिसली कीं पुरतें.

शेवटीं, जे शिकवीत नाहींत पण ज्यांच्या घरीं स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्याला कोणी येतें, अशा श्रोत्यांना एक विनंति. ती बाई वर्गाला जाऊं इच्छीत असेल तर रात्रीचें जेवण अर्धा तास अलीकडे घ्या. सणाच्या दिवशीं "आज एक दिवस वर्ग राहूं दे" असें म्हणूं नका, कारण पहिली सुटी बहुधा तिथूनच पडते. आणि वही-पेन्सिल तुम्ही आणून देऊं नका. पैसे पगारांत वाढवून द्या. दुकानांतून ती तिनें स्वतः निवडून आणलेली बरी.