शहागडचा कार्यक्रम: तारीख कोणाच्या सोयीची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे वेळेची आणि हिशोबाची सवय आहे, वेळ पाळीन. आज पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांच्या आठवणी निघाल्या. सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही शहागडच्या शिष्यवृत्तीबद्दल बोला, लोकांना छान वाटेल." छान वाटेल तेही बोलेन, पण आधी आमची एक चूक सांगणार आहे. ताळेबंदातली जमेची बाजू सगळेच वाचतात. नावेची बाजूही कोणीतरी वाचली पाहिजे.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी थोडं सांगतो. आपल्या संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागलं, की आडूळ, पाचोड, वडीगोद्री मागे टाकून गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे शहागड लागतं. तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल ओलांडला की गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा. आपण लग्नाला-बारशाला जाताना तिथे चहाला थांबतो आणि पुढे निघतो. वर पैठणला जायकवाडीचं धरण, त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यातून जातो. म्हणजे पाण्याचा मुलूख. नदीकाठी आणि कालव्याखाली ऊस उभा असतो. पण ज्यांच्या वाट्याला पाणी नाही, किंवा जमीनच नाही, ती माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं ते उन्हाळ्यातच परतायचं. लेकरं कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ मागे राहतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी सुरुवातीची काही वर्षं त्याच भागातल्या एका शाखेत गेली. त्या शाखेतले आमचे जुने शिपाई निवृत्तीनंतर तिथेच राहतात. त्यांनीच एकदा फोनवर सांगितलं, "साहेब, इथली लेकरं हुशार हायेत, पण कुणी पाठीवर हात ठेवत नाही." मी हे आपल्या बागेतल्या संध्याकाळच्या कट्ट्यावर बोललो आणि आम्ही सात जण तयार झालो. चार निवृत्त, दोन गृहिणी आणि एक नोकरी करणारा तरुण. वर्गणी वेगळी, खातं वेगळं, सह्या दोघांच्या. सोसायटीच्या देखभाल निधीतला एक रुपयाही या कामाला कधी लागलेला नाही आणि लागूही नये, हे या निमित्ताने स्पष्ट सांगतो.

पहिला कार्यक्रम डिसेंबर २०१७ मध्ये झाला. शेवटचा रविवार आम्ही ठरवला. का? तर नाताळच्या सुट्टीत आपली मुलं-नातवंडं पुण्याहून, परदेशातून आलेली असतात, त्यांनाही नेता येईल. हवा थंड, रस्ता चांगला, सहलीची सहल. दोन शाळांतून एकवीस मुलं निवडली, प्रत्येकाला तीन हजारांचा चेक. मोठा फ्लेक्स, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, स्वागत, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. मीसुद्धा वीस मिनिटं बोललो. मुलं अडीच तास उन्हात सतरंजीवर बसली होती आणि आम्ही मांडवात खुर्च्यांवर होतो. फोटो फार छान आले. इथल्या पुष्कळ घरांत ते आजही असतील.

नावं पुकारायला सुरुवात झाली. एकवीसपैकी सहा मुलं आलीच नाहीत. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "टोळीबरोबर गेलीत, साहेब." त्यातल्या एका मुलीच्या वतीने तिची आजी आली होती. मुलगी सातवीत, गणितात शाळेत पहिली. आजीने चेक दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "हा कागद कुठं दाखवायचा?" मी म्हटलं, "बँकेत भरा, आजी." आणि पुढचं नाव पुकारलं. मागे रांग होती ना!

मार्च उलटून गेल्यावर मी आपल्या खात्याचं पासबुक भरून आणलं. एकवीसपैकी आठच चेक वटले होते. मला आधी पोरांच्या आईबापांचाच राग आला. मग शिपाईमामांना फोन केला, तेव्हा एकेक कळत गेलं. काही मुलांचं खातंच नव्हतं. काहींचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि आम्ही चेकवर लिहिलेलं तिसरंच, घरात हाक मारायचं. खातं उघडायला पालक पाहिजेत, तर पालक कर्नाटकात फडावर. आणि चेकची मुदत तीन महिन्यांची. पूर्वी ती सहा महिने होती, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तीनवर आणली. डिसेंबरचा चेक मार्चअखेर संपतो आणि आईबाप गावी येतात त्यानंतर. हे दुसऱ्या कोणाला नाही, मला कळायला हवं होतं. जन्मभर मुदत संपलेले चेक परत करणारा माणूस मी!

मग मी कागद घेऊन खर्च मांडला. मुलांना जाहीर केले त्रेसष्ट हजार. मांडव, फ्लेक्स, शाली, स्मृतिचिन्हं, जेवण, गाड्या मिळून एकतीस हजार पाचशे. म्हणजे मुलांना दोन रुपये देण्यासाठी आपण एक रुपया आपल्या स्वतःवर खर्च केला. आणि ते दोन रुपयेही बऱ्याच जणांपर्यंत पोचले नाहीत. असं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या हंगामात ती आठवीत होती. फडावर स्वयंपाकाला आणि घरातलं तान्हं सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून घरच्यांनी तिला पुन्हा नेलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही. आपला तीन हजारांचा चेक वटला असता तर ती थांबली असती, असं मी म्हणणार नाही. इतकं सोपं ते नसतं. पण आम्ही डिसेंबरऐवजी ऑगस्टमध्ये गेलो असतो तर निदान तिची, तिच्या आईबापांची भेट झाली असती, दोन शब्द बोलता आले असते. आम्ही तारीख आमच्या सोयीने ठरवली. त्या एका गोष्टीची रुखरुख मला अजून आहे.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही सगळं बदललं. आता कार्यक्रम ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी होतो. शाळा सुरू झालेली असते, निकाल हातात असतात आणि टोळ्या निघायला अवकाश असतो. पाऊस असतो, चिखल असतो, आपली परदेशातली मंडळी नसतात. चालेल. जुलैमध्ये आमच्यातले दोघं शाळेत जाऊन बसतात आणि प्रत्येक मुलाचं नाव दाखला, आधार आणि पासबुक या तिन्हींवर ताडून पाहतात. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दिली आहे. पण ती मागायला कोणीतरी बरोबर जावं लागतं. रक्कम आम्ही कार्यक्रमाच्या आधीच खात्यात टाकतो. त्या दिवशी मुलाच्या हातात द्यायचं ते नोंद छापलेलं पासबुक. आपल्या नावाखाली छापलेला आकडा पाहताना त्या पोरांचे चेहरे बघायला तुम्ही एकदा या.

कार्यक्रम एक तासाचा. शाल नाही, श्रीफळ नाही, स्मृतिचिन्ह नाही. सावलीत मुलं, बाजूला आपण. मंचावर मुलाबरोबर आई किंवा आजी. भाषण मुलं करतात, आपण ऐकतो. नंतर सगळ्यांना खिचडी. गेल्या वर्षी एका पोराने भाषणात सांगितलं, "पाहुणे म्हणतात खूप मोठा हो, पण माझी उंची वर्गात सगळ्यांत कमी आहे." सगळा वर्ग हसला आणि आम्हीही हसलो. पहिल्या वर्षी असं हसू एकदाही आलं नव्हतं.

पैसेही आता दोन हप्त्यांत देतो. पहिला ऑगस्टमध्ये. दुसरा दिवाळीनंतर, आणि तो जे लेकरू गावातच मागे राहून शाळा करतं त्याच्या घरी, म्हणजे बहुधा आजीच्या हातात. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ साली आली. आपण त्यांची जागा घेऊ शकत नाही. पण आजीच्या डब्यात तेल-डाळ असली, तर "राहू दे त्याला माझ्यापाशी" असं म्हणायला तिला बळ येतं.

आणखी एक काम आहे, त्यात टाळ्या नाहीत, पण ते सगळ्यांत मोलाचं आहे. आपण देतो ते तीन-चार हजार. सरकारी शिष्यवृत्त्या त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. आपल्या वेळची चौथी-सातवीची स्कॉलरशिप आठवते ना? ती १९५४-५५ पासूनची. २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली. आणि आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस म्हणून केंद्राची परीक्षा आहे. उत्पन्न कमी असलेल्या घरातल्या, सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी. बौद्धिक क्षमतेचा एक पेपर, शालेय विषयांचा एक. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. एक वर्ष अर्ज राहिला की पैसे थांबले. मुलगा हुशार असतो, परीक्षा पास झालेला असतो, आणि केवळ तारीख चुकली म्हणून हक्काची रक्कम जाते. म्हणून आमच्या एक वहिनी वहीत सगळ्या मुलांची नावं, इयत्ता आणि फोन ठेवतात आणि अर्जाच्या दिवसांत रोज संध्याकाळी एकेकाला विचारतात, "भरला का रे फॉर्म?" आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या वहीने जास्त मुलं शिकवली आहेत.

त्या मुलीचा भाऊ त्या वहीत आहे. तेव्हा तिसरीत होता. तो आजीजवळ राहिला, आठवीत एनएमएमएस मिळवली. दहावीला साठ टक्क्यांच्या वर गेला म्हणून ती पुढेही चालू राहिली. आज अकरावीत आहे. बहिणीबद्दल विचारलं की मान खाली घालतो.

मंडळी, शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे. आमच्या बँकिंगच्या धंद्यात चिंतामणराव देशमुखांचं नाव आदराने घेतात. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेच १९१२ च्या मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे विद्यार्थी. नाना शंकरशेट वारले १८६५ साली! माणूस गेल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी त्याच्या नावाचा पैसा एका पोराच्या कामी आला. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, आणि त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय उभं केलं. तेच आजचं मिलिंद. देणाऱ्याला आपला पैसा कुठवर जाईल ते दिसत नाही. त्याने फक्त तो योग्य हातात, योग्य वेळी पोचवायचा.

आता मागणं, आणि मग मी बसतो. आम्ही सात होतो. एक जण आपल्याला सोडून गेले, दोघांचे गुडघे गेले. माझं सत्तरीपुढचं वय तुमच्यासमोर आहे. पैसा कमी पडलेला नाही, तुम्ही नेहमी भरभरून दिलात. कमी पडतायत माणसं. मला या रौप्यमहोत्सवाकडून दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ज्यांना जमेल त्यांनी आमच्या वेगळ्या खात्यात एकदाच काय ती रक्कम द्यावी. ती मुदत ठेवीत राहील, मुद्दलाला हात न लावता व्याजावर काम चालेल. सात टक्क्यांनी दहा लाखांवर वर्षाला सत्तर हजार येतात. आपल्या गरजेला तेवढे पुरतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चाळिशीच्या आतले तीन जण मला हवेत. जुलैमध्ये एक शनिवार नावं ताडायला, ऑगस्टमध्ये एक रविवार, आणि अर्जाच्या दिवसांत रोज दोन फोन. एवढंच.

ती वही आज मी बरोबर आणली आहे. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलावर असेन. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी माझ्याकडून घ्यावी. वाचायला चष्मा लागणार नाही. वहिनींचं अक्षर सुवाच्य आहे.