गाडी टकटक करते तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण, सादरकर्त्या : एकोडी, जि. भंडारा येथील बचत गटाच्या बाया)

आज गाडीच्या आवाजाबद्दल बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, हा माणसांचा विषय. पण गाडी आमच्या गटाची, पेट्रोल आम्ही भरतो, बिल आम्ही देतो, बसतोही आम्हीच. मग आवाजही आम्हीच ऐकायचा.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड, जुनी पेट्रोलची व्हॅन. इंजिन पुढच्या सीटखाली. साकोलीच्या बाजाराला पोहे, कुरड्या, पापड न्यायचे, आणि रात्रीबेरात्री कुणी बाळंतपणाला अडली तर तिलाही दवाखान्यात न्यायचे. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सीटखाली टकटक सुरू झाली. एका गॅरेजवाल्या भाऊंनी दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, इंजिन खोलावे लागेल, १८,००० रुपये. गटाच्या शिलकीतून एवढे काढले तर रोवणीच्या वेळी मजुरीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईला काय सांगायचे? म्हणून आम्ही ठरवले, आधी आवाज नेमका कुठून येतो ते पाहू, पैशाचे मग बोलू.

पहिले काम वहीचे. गटाच्या वहीचे मागचे पान घेतले आणि जी बाई गाडीत बसेल तिने लिहायचे : आवाज केव्हा आला, गाडी थंड होती की तापलेली, उभी होती की चालती, सपाटीवर की चढावर, माल भरलेला की रिकामी. आठ दिवसांत पान बोलू लागले. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की आवाज मोठा. दहा-पंधरा मिनिटांनी जवळजवळ बंद. भरलेली गाडी तलावाच्या पाळीवर चढताना जास्त. आणि उभ्या गाडीला रेस दिली तरी येतो, रेस वाढवली की टकटकही भरभर होते. या शेवटच्या गोष्टीवरून एक नक्की झाले की आवाज चाकांचा नाही, इंजिनकडचाच आहे.

इंजिनचे आवाजही सगळे सारखे नसतात. पट्टा ढिला झाला की सकाळी चीं-चीं ओरडतो; पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरतो तेव्हा तुम्ही ऐकलाच असेल. सायलेन्सरवरचा पत्रा सुटला की डब्यात खडे हलवल्यासारखे वाजते. टॅपेट ढिले असतील तर शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक येते. पण खोलातून, जड, उखळात मुसळ पडल्यासारखा ठोका आला, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर तिथेच गाडी बंद करायची. घरापर्यंत नेऊ म्हटले तर खरेच इंजिन जाते. म्हणून आम्ही सगळ्यात आधी सपाट जागी, थंड गाडीत ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल बरोबर होते.

मग ऐकायला बसलो. पदर खोचून, वेणी बांधून, बांगड्या वर सारून, कारण फिरत्या पट्ट्यात पदर गेला तर बाईच ओढली जाते. सुकी लाकडी काठी घेतली, एक टोक इंजिनच्या न फिरणाऱ्या भागावर, दुसरे कानाशी. लाकडातून आवाज छान येतो. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपही असाच सुरू झाला : १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीचे ठोके ऐकले, मग लाकडाची नळी केली. आमच्या काठीला मात्र आत काही सापडले नाही. टॅपेटच्या झाकणावरही आवाज साधाच.

तेव्हा एका काकूंनी पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा आणला. एक टोक कानाशी धरले आणि दुसरे इंजिनच्या बाजूने हळूहळू फिरवले, कुठेही न टेकवता. धुराची नळी जिथे इंजिनला जोडलेली असते तिथे आल्यावर कानात फट्‌ फट्‌ फट्‌! गाडी बंद करून थंड होऊ दिली आणि टॉर्च मारला, तर सांध्याभोवती काजळीचा काळा डाग. एक बोल्ट तुटला होता, मधले पॅकिंग जळाले होते. त्या फटीतून धूर सुटताना टकटक होत होती. धातू तापून फुगला की फट बरीचशी मिटे, म्हणून आवाज थांबे. टॅपेट आणि एका सिलिंडरचा धूर, दोन्ही इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात, त्यामुळे कान फसतो. त्या भाऊंचेही तसेच झाले असावे.

दुसऱ्या मिस्त्रींना आम्ही वहीचे पान आणि तो काळा डाग दाखवला. बोल्ट, पॅकिंग आणि मजुरी मिळून ९०० रुपये झाले.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वहीत होती. तीन बायांनी लिहिले होते, सकाळी बाजाराला जाताना डोके दुखले, मळमळले. आम्ही सगळ्या समजत होतो की त्यांना गाडी लागते. थंडीमुळे काचा बंद आणि फट सीटच्या खालीच! इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पोटुशी बाई आणि तिचे बाळ यांना त्याचा धोका अधिक. आम्ही अशाच बायांना त्या गाडीतून नेणार होतो. पीयूसी आमच्याजवळ होती, पण ती तपासणी मागच्या नळीच्या तोंडाशी होते, वाटेतली फट तिला दिसत नाही.

म्हणून जुन्या गाडीत बसून दोघी-तिघींचे डोके एकदम दुखले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर काचा उघडा, गाडी थांबवून खाली उतरा, आणि धुराची नळी दाखवून घ्या. कुणाला भोवळ आली तर थेट दवाखान्यात न्या.

हाच वायू कोळशाच्या शेगडीतही असतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घेतो, तिथेही. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात काढा.

पाइपचा तो तुकडा आता गाडीतच ठेवला आहे. कुणाला आपली गाडी ऐकायची असेल तर बाजाराच्या दिवशी आमच्याकडून मागून घ्या.