एकटीचे पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाईंनी ‘एकटीचे जेवण’ हा विषय दिला आणि त्यातली मी जुनी माहितगार, म्हणून उभी राहिले.

यजमान गेले, मुलगा-सून नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि घरात मी एकटी उरले. एका जिवासाठी कुकर कोण लावणार? सकाळचा भात रात्री फोडणीचा, नाहीतर चहा-पोळी. तीही ओट्यापाशी उभ्यानेच. वर्षभराने चक्कर येऊ लागली. रक्त तपासले तो हिमोग्लोबिन आठ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, एकट्या राहता म्हणून जेवणाची हयगय करू नका.” मी मान डोलावली. पण घरी येताना मनात आले, घर माणसांनी भरलेले होते तेव्हा तरी मी कोणाबरोबर जेवत होते?

सासरे, यजमान, दीर, मुले यांची पंगत उठायची. मग सासूबाई. मग मी. पातेल्याच्या तळचा रस्सा, निवलेली पोळी. आमटी संपली असली तर ताकभात. मला कोणी उपाशी ठेवले नाही. कोणी विचारले नाही, इतकेच. आणि मीही कळू दिले नाही. त्यालाच मी गृहिणीपणा समजत होते.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरांत २५ जणांना. पाळी, बाळंतपणे, गरिबी अशी कारणे पुष्कळ आहेत. पण शेवटी बसणारीच्या ताटात काय उरते, हेही त्यांत धरायला नको का?

आता एक कबुली द्यायची आहे. सून घरात आली त्या पहिल्याच रविवारी तिने चार पाने मांडली. म्हणाली, “आई, तुम्हीही बसा. पोळ्या आधी करून ठेवू, पातेली मध्ये ठेवू, ज्याचे त्याने वाढून घ्यावे.” मी सर्वांदेखत म्हणाले, “आमच्याकडे बायका मागून जेवतात.” तिने निमूटपणे दोन पाने उचलली. पुढे चार वर्षे ती माझ्याबरोबर मागून जेवली. मला सोबत मिळाली म्हणून मी खूष होते. आपण तिचेही ताट गार केले, हे उमगायला मला चक्कर यावी लागली. आज ती इथे मागच्या रांगेत बसली आहे. सूनबाई, त्या दिवशी तुझेच बरोबर होते. माझे शब्द मी चारचौघींत मागे घेते.

गेल्या पाडव्यापासून आमच्या मजल्यावरच्या आम्ही तिघी एकट्या दुपारी आपापली भाजी घेऊन एकत्र बसतो. दुसरी जेवणार म्हटले, की हात आपोआप कोशिंबीर करतो. आता चक्कर येत नाही. गोळ्याही घेते हो, नाहीतर डॉक्टरीणबाई रागावतील!

भगिनींनो, आज मंडळाचे भोजन आहे. वाढणाऱ्या भगिनींचीही पाने याच पंगतीत मांडा आणि पातेली मध्ये ठेवा. आणि रात्री घरी गेल्यावर स्वतःचे पान सर्वांबरोबर घ्या. कोणी काही म्हणाले, तर खुशाल माझे नाव सांगा.